१५ ऑक्टोबर आणि जुहूची धावपट्टी

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोही पंडित ही तरुण वैमानिक भुजहून एकटीच निघाली आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरली. विमान पिपिस्ट्रेल कंपनीचं, अगदी हलकं. जीपीएस आणि ऑटोपायलट न वापरता, नकाशा आणि खालची जमीन पाहत तिने हा प्रवास केला. २०१९ मध्ये असल्याच छोट्या विमानातून तिने एकटीने अटलांटिक ओलांडला होता, त्यामुळे अंतर तिच्यासाठी फारसं नव्हतं. उड्डाणाचं महत्त्व होतं ते तारखेत आणि उतरण्याच्या जागेत. ८९ वर्षांपूर्वी याच दिवशी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन याच मैदानावर उतरले होते.

जुहूचा विमानतळ १९२८ चा. तेव्हा नाव होतं विलेपार्ले एरोड्रोम, आणि धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची मोकळी, कच्ची जमीन. देशातला पहिला नागरी विमानतळ म्हणून त्याची नोंद होते. त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. १० फेब्रुवारी १९२९ ला जेआरडींना वैमानिकाचा परवाना मिळाला, तो भारतात दिला गेलेला पहिला परवाना होता.

हवाई टपालाची कल्पना मात्र जेआरडींची नव्हती. ती नेव्हिल विन्सेंट या ब्रिटिश वायुदलातून बाहेर पडलेल्या वैमानिकाची. इंपीरियल एअरवेजची विमानं लंडनहून कराचीपर्यंत टपाल आणत. तिथून पुढे ते रेल्वेने जाई आणि विमानाने वाचवलेले दिवस आगगाडीत खर्ची पडत. कराची ते मुंबई आणि पुढे मद्रास हा टप्पा आपण हवेतून करू, असं विन्सेंटचं म्हणणं. सर दोराबजी टाटा आधी फारसे राजी नव्हते. जॉन पीटरसन या सल्लागाराने त्यांचं मन वळवलं आणि दोन लाख रुपये मंजूर झाले. त्यातून दोन पुस मॉथ विमानं आली. १२० अश्वशक्तीचं एकच इंजिन, लाकडी पंखा, रेडिओ नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून उडाले. अहमदाबादला बर्मा शेलचं पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून, बैलगाडीवर लादून आलेलं होतं. ते भरून दुपारी दोनच्या आत ते जुहूला. पुढचं टपाल विन्सेंटने दुसऱ्या विमानात घेतलं, बेल्लारीला रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठलं. जुहूवरचं कंपनीचं ऑफिस म्हणजे ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी. या सगळ्या मांडणीत बैलगाडी आणि झोपडी सोडली तर काही स्वस्त नव्हतं, आणि सरकारचं अनुदानही नव्हतं. तरीही १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात विमानं १,६०,००० मैल उडाली, १५५ प्रवासी आणि दहा टनांहून जास्त टपाल वाहिलं गेलं आणि ६०,००० रुपये नफा झाला.

जुहूचा पहिला शत्रू पाणी. पावसाळ्यात भरतीच्या वेळी हे मैदान समुद्राच्या पातळीखाली जाई. चाकं चिखलात रुतली की विमान उलटायला वेळ लागत नाही. म्हणून दरवर्षी मृग लागला की विमानं, माणसं आणि सामानसुमान पुण्याला हलवायचं आणि येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानावरून सेवा चालवायची, पाऊस ओसरला की परत. (ज्या वर्षी ही टपालसेवा सुरू झाली त्याच वर्षी, तीन आठवडे आधी, पुणे करारावर याच तुरुंगात सह्या झाल्या होत्या.) मुंबईचं विमान पावसाळाभर पुण्यातून उडायचं, हे आजच्या पुणेकराला ऐकवलं तर तो खूश होईल.

दुसरा शत्रू शेजारी निघाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाने दोन-एक किलोमीटरवर सांताक्रूझचा तळ उभारला. धावपट्ट्या लांब आणि पक्क्या. युद्ध संपल्यावर प्रवासी वाहतूक तिकडे गेली, आणि वयाच्या विशीतच जुहू दुय्यम झालं. त्यातून एक विचित्र प्रकार सुरू झाला. दोन्ही विमानतळ इतके जवळ, आणि मुख्य धावपट्ट्यांची दिशा जवळपास एकच, पूर्व-पश्चिम. वरून पाहणाऱ्या वैमानिकाला जी धावपट्टी आधी दिसेल ती सांताक्रूझची वाटायची. जुलै १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट, म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट, चुकून जुहूला उतरलं. त्याला हलकं करून पुन्हा उडवायला नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ या मोठ्या जेटने तेच केलं, पण या वेळी धावपट्टी पुरली नाही. विमान पुढे घसरत गेलं आणि कायमचं निकामी झालं. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. जुहूची मुख्य धावपट्टी ११४३ मीटर आहे, सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीच्या साधारण एक तृतीयांश. हलक्या विमानाला ती उतरून वर उरते, डीसी-८ ला कशी पुरणार?

जुहू अजून जिवंत आहे याचं श्रेय इतिहासप्रेमाला द्यायचा मोह होतो, पण ते तेलाला द्यायला हवं. १९७४ मध्ये अरबी समुद्रात बॉम्बे हायला तेल लागलं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या फलाटांवर माणसं आणि सामान न्यायला हेलिकॉप्टर लागणार आणि त्यांना समुद्राला लागून तळ हवा. जुहू त्यासाठी जणू बांधूनच ठेवलं होतं. १९८५ मध्ये पवन हंस ही हेलिकॉप्टर कंपनी स्थापन झाल्यावर हे काम आणखी पक्कं झालं. आज जुहूला जो पंख्यांचा आवाज ऐकू येतो तो मुख्यतः या हेलिकॉप्टरांचा. फ्लाइंग क्लबचं उड्डाण-प्रशिक्षण केव्हाच धुळ्याला गेलं. शिकाऊ वैमानिकाने गिरक्या घ्यायच्या तर जवळच देशातल्या सर्वांत गजबजलेल्या धावपट्ट्यांपैकी एक नसलेली बरी.

आता घेराव शहराचा आहे. विमानतळाच्या कुंपणाला चाळी, झोपडपट्ट्या, सोसायट्या, इर्ल्याचा नाला असं सगळं येऊन भिडलंय. विमानतळ बंद करायला नोटीसच लागते असं नाही. धावपट्टीच्या टोकापासून तिरकी वर जाणारी एक कल्पित पातळी असते आणि उतरण्याच्या वाटेवरच्या इमारतीने ती भेदायची नसते. एखादी इमारत, झाड, मोबाइलचा टॉवर तिच्या वर गेला की विमानाने चाक टेकवायची जागा आत सरकवावी लागते. कागदावर धावपट्टी तेवढीच राहते, वापरायची लांबी मात्र घटते. दुसरी बाजूही खरी आहे. पार्ले-सांताक्रूझच्या फनेल झोनमधल्या, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या, जुन्या इमारतींना पुनर्विकासात हवे तेवढे मजले चढवता येत नाहीत, मग बिल्डर फिरकत नाही आणि गळक्या छपराखाली माणसं वर्षानुवर्षं राहतात. त्यांना जेआरडींच्या गोष्टी सांगून काय उपयोग? धावपट्टी समुद्राच्या बाजूला वाढवायचे बेतही झाले. पण मधे जुहू तारा रोड, पुढे किनारा आणि किनाऱ्याचे कायदे.

या पार्श्वभूमीवर जुहूला छोटं विमान घेऊन येण्याची प्रथा पाहिली पाहिजे. ती सुरू केली खुद्द जेआरडींनी. १९६२ मध्ये, टपालसेवेला तीस वर्षं झाली तेव्हा, त्यांनी तेच उड्डाण पुन्हा केलं. १९८२ च्या सुवर्णमहोत्सवाला ते ७८ वर्षांचे होते. मधल्या काळात, १९७८ मध्ये, जनता सरकारने त्यांना याच टपालसेवेतून वाढलेल्या एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं होतं. दोन वर्षांनी इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्षपद काही परत मिळालं नाही. अशा माणसाने पुस मॉथचा धाकटा भाऊ असलेलं लेपर्ड मॉथ घेतलं, कराचीहून निघून अहमदाबादमार्गे जुहूला आणलं, तेही ठरल्या वेळेत. स्वागताला गर्दी होती. देशात आलेली मरगळ त्यांना अस्वस्थ करत होती आणि तरुणांना थोडा उत्साह यावा म्हणून आपण हे केलं, अशी त्यांची भूमिका होती. मला यात थोडी मिश्किल जिद्दही दिसते.

१९८२ मध्ये कराचीहून निघता आलं. २०२१ च्या उड्डाणाची सुरुवात भुजहून झाली. भुजच्या धावपट्टीचीही स्वतःची कथा आहे. १९७१ च्या युद्धात ती बॉम्बहल्ल्यात उखडली गेली आणि माधापर गावच्या सुमारे तीनशे बायकांनी ७२ तासांत ती पुन्हा उभी केली.

१५ ऑक्टोबर २०३२ ला या पहिल्या उड्डाणाची शंभरी आहे. तेव्हा कुणी मॉथसारखं विमान घेऊन जुहूला यायचं ठरवलं, तर त्याला सांताक्रूझच्या रहदारीतून काही मिनिटांची फट मागावी लागेल, हेलिकॉप्टरांच्या वेळा सांभाळाव्या लागतील, आणि पाऊस लांबलेला नसावा एवढं पाहावं लागेल.