‘मुलगी एनएचएसमध्ये लागली’: एनएचएस वेगळी, सोशल केअर वेगळी

गावाकडून फोन आला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: “अमक्यांची मुलगी लंडनला एनएचएसमध्ये लागली.” थोडी चौकशी केली की कळतं, मुलगी लंडनला नाही, मिडलंड्समधल्या एका लहानशा गावात आहे, आणि एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतही नाही; ती आहे खासगी केअर होममध्ये, म्हणजे थकलेल्या किंवा अपंग माणसांना सांभाळणाऱ्या ‘सोशल केअर’ क्षेत्रात. त्यात कमीपणा अजिबात नाही. मी स्वतः गेली काही वर्षं अशाच एका केअर होमच्या ऑफिसात काम करते आणि या कामाचा मला अभिमान आहे. पण हा फरक माहीत नसला की माणसं लस घ्यायला चुकीच्या दारात जातात, ट्रेनिंगचे पैसे विनाकारण खिशातून भरतात, आणि इथे स्थायिक झालेल्या कुटुंबात आई-वडिलांच्या देखभालीचं बिल हातात पडलं की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. सगळं इंग्लंडपुरतं आहे; स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

गल्लत होणं साहजिक आहे. दोन्हीकडे अंगात तसाच ट्यूनिक, छातीला तसंच उलटं लटकवलेलं घड्याळ, काम म्हणाल तर माणसाला उठवणं, बसवणं, भरवणं, औषध देणं. तपासणी करणारी सीक्यूसी ही संस्थाही दोन्हींकडे एकच. शिवाय आपल्या भाषेतला एक शब्द गोंधळ वाढवतो. पुण्या-नाशकात नर्सिंग होम म्हटलं की डोळ्यांपुढे डॉक्टरांचं दहा-वीस खाटांचं खासगी हॉस्पिटल येतं, जिथे बाळंतपणं आणि ऑपरेशनं होतात. इंग्लंडमध्ये नर्सिंग होम म्हणजे थकलेली किंवा आजारी माणसं जिथे कायमची राहतात ते घर, आणि तिथे चोवीस तास नोंदणी असलेली नर्स हजर असते. नर्स नसेल तर ते नुसतं रेसिडेन्शियल होम. दोन्ही सोशल केअरमध्येच मोडतात. डॉक्टर तिथे मुक्कामाला नसतो, परिसरातला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, येऊन तपासून जातो.

ही फारकत जन्मापासूनची आहे. ५ जुलै १९४८ रोजी एनएचएस सुरू झाली आणि त्याच दिवशी नॅशनल असिस्टन्स ॲक्ट हा दुसरा कायदाही लागू झाला. पहिल्यानं सांगितलं, आजारी माणसाला उपचार फुकट. दुसऱ्यानं सांगितलं, वयामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्याला सांभाळणाऱ्याची गरज आहे त्याची सोय स्थानिक कौन्सिलनं करावी, पण ऐपत पाहून पैसे घ्यावेत. आता त्या जागी २०१४चा केअर ॲक्ट आहे, तरी मधली रेघ तिथेच आहे. ही रेघ किती विचित्र जागी पडते ते सांगायला इथले जुने लोक आंघोळीचं उदाहरण देतात. त्याच म्हातारबाबांना, त्याच टबात, एनएचएसच्या नर्सनं आंघोळ घातली तर ती ‘हेल्थ बाथ’, म्हणजे फुकट. कौन्सिलनं पाठवलेल्या बाईंनी घातली तर ती ‘सोशल बाथ’, म्हणजे बिल. पाणी तेच, साबण तोच.

पैशाचा हा भाग नीट समजून घ्या, कारण घरं विकली जातात ती इथे. केअर होममध्ये जायची वेळ आली आणि माणसाकडे २३,२५० पौंडांहून जास्त मालमत्ता असली, तर सगळा खर्च त्यानं स्वतः करायचा. १४,२५० ते २३,२५०च्या मध्ये असेल तर काही भार कौन्सिल उचलतं. त्याखाली बचतीला हात लागत नाही, पण पेन्शन मात्र जवळपास सगळी जाते. हातखर्चाला आठवड्याला तीस पौंडांच्या आसपास उरतात. मालमत्तेच्या या दोन मर्यादा २०१०पासून हललेल्या नाहीत. कायमचं केअर होममध्ये जाताना राहतं घरही मालमत्तेत धरतात. नवरा किंवा बायको त्या घरात राहत असेल तर धरत नाहीत, आणि देखभाल स्वतःच्याच घरी घेतली तरी धरत नाहीत. आयुष्यभरात जास्तीत जास्त ८६,००० पौंडच भरावे लागतील अशी मर्यादा ऑक्टोबर २०२३पासून येणार होती. ती आधी दोन वर्षं पुढे ढकलली आणि जुलै २०२४मध्ये सरकारनं रद्दच केली.

म्हणजे कॅन्सर झाला तर केमोथेरपीपासून ऑपरेशनपर्यंत एक पौंड लागत नाही. स्मृतिभ्रंश झाला तर औषध थोडं आणि सांभाळणं फार, आणि ते सांभाळणं सोशल केअरमध्ये. आजार निवडून घेता येत नाही, तरी बिल आजारानुसार येतं. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं आणि सहीसाठी समोर बसलेल्या रहिवाशांच्या मुलांना करार समजावून सांगताना दर वेळी घसा दाटतो.

मधला एक पूल आहे, तो मराठी घरांमध्ये फार कमी जणांना ठाऊक असतो. त्याचं नाव कंटिन्युइंग हेल्थकेअर. माणसाची गरज मुळात वैद्यकीयच आहे असं ठरलं, तर केअर होमचा सगळा खर्च एनएचएस उचलते आणि त्यात ऐपत पाहत नाहीत. १९९९मध्ये डेव्हनच्या पामेला कॉग्लन यांच्या खटल्यात अपील कोर्टानं सांगितलं की त्यांना लागते तेवढी शुश्रूषा कौन्सिलच्या गळ्यात घालता येणार नाही, ती एनएचएसचीच जबाबदारी आहे. तेव्हापासून हा निकाल या विषयातला मैलाचा दगड आहे. मंजुरी सहज मिळत नाही. पण घराला ‘फॉर सेल’ची पाटी लावण्याआधी ही तपासणी मागून घ्या, आणि नकार लेखी घ्या. नर्सिंग होममधल्या नर्सच्या कामापोटी एनएचएस दर आठवड्याला एक ठरावीक रक्कम थेट होमला देते, ती वेगळी. बिलात ती कुठे धरली आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता नोकरीच्या बाजूनं बघू. एनएचएसमध्ये हेल्थकेअर असिस्टंटपासून सर्जनपर्यंत माणसं वेगवेगळ्या ट्रस्टमध्ये (म्हणजे हॉस्पिटलं चालवणाऱ्या सरकारी संस्थांमध्ये) असली तरी पगाराच्या श्रेणी, पेन्शन, आजारपणाची रजा देशभर सारख्या चौकटीत ठरते. सोशल केअरमध्ये सोळा लाखांच्या घरात नोकऱ्या आहेत आणि त्या १८,०००हून जास्त संस्थांमध्ये विखुरलेल्या आहेत. त्यात साखळी कंपन्या आहेत, धर्मादाय संस्था आहेत, नवरा-बायकोनं मिळून चालवलेलं बारा खोल्यांचं घरही आहे. प्रत्येकाचा पगार वेगळा, नियम वेगळे. आजारी पडलं तर कित्येक ठिकाणी कायद्यानं ठरलेला किमान भत्ता तेवढाच मिळतो. एप्रिल २०२५मध्ये मालकांनी भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारावरचा सरकारी हप्ता, १३.८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला, तेव्हा एनएचएसला त्याची भरपाई सरकारनं दिली. खासगी केअर होमना नाही दिली. व्हिसा मात्र दोघांना एकाच नावाचा मिळायचा, ‘हेल्थ अँड केअर’, आणि गावाकडचा समज बराचसा त्या नावातून आला असावा. केअर वर्करसाठी तो फेब्रुवारी २०२२मध्ये खुला झाला, ११ मार्च २०२४पासून कुटुंब सोबत आणणं बंद झालं, आणि २२ जुलै २०२५पासून परदेशातून नवीन केअर वर्कर घेणंच बंद झालं. आजही कुणी एजंट सांगलीत किंवा पणजीत बसून केअर वर्करच्या व्हिसाचे पैसे मागत असेल तर ही तारीख त्याच्यापुढे ठेवा.

ट्रेनिंगचं थोडक्यात. नर्सची पदवी आणि एनएमसी या नर्सांच्या परिषदेकडची नोंदणी ही तिची स्वतःची असते, नोकरी कुठेही केली तरी ती बरोबर येते. इंग्लंडमध्ये केअर वर्करची अशी नोंदणीच नाही. एप्रिल २०१५पासून नवख्यांच्या मूलभूत ट्रेनिंगचं केअर सर्टिफिकेट आहे: आधी पंधरा मानकं होती, २०२५मध्ये सोळावं आलं. कायद्यानं ते सक्तीचं नाही, पण सीक्यूसीला ते झालेलं दिसायला लागतं. गोम अशी की नवीन मालक जुन्या मालकाच्या सर्टिफिकेटवर भरवसा ठेवत नाही, आणि हात कसे धुवावेत हे मुलगी तिसऱ्यांदा शिकते. म्हणून आता त्याच विषयांची लेव्हल २ची रीतसर पात्रता (क्वालिफिकेशन) निघाली आहे, ती मात्र सगळीकडे चालते. तिची आणि इतर ठरलेल्या कोर्सेसची फी मालकाला सरकारी योजनेतून परत मागता येते. त्यासाठी मालकानं कर्मचाऱ्यांची माहिती राष्ट्रीय डेटासेटमध्ये भरून ताजी ठेवलेली असायला लागते. ते केलं नसेल तर पैसे येत नाहीत, आणि मग “कोर्सचे पैसे पगारातून कापू” ही भाषा सुरू होते. तुमच्या कानावर ती आली तर सरळ विचारा, योजनेत दावा टाकला होता का?

खरा मुद्दा मला इथे सांगायचा आहे, आणि तो आहे निरोपाचा. एनएचएसमध्ये निरोप वरून खाली उतरतो: मंत्रालय, ट्रस्ट, वॉर्ड. सोशल केअरमध्ये वरच्या माणसाच्या हाताखाली आम्ही नाहीच. १८,००० दारं वेगळी वाजवावी लागतात, आणि दार उघडणारी मॅनेजर त्या वेळी नाश्ता भरवत असू शकते. लस, ट्रेनिंग, निधी यांची पत्रं एकाच सरकारी ईमेलात येतात. ती उघडली नाही तर आमच्या होमपुरती ती योजना नसल्यातच जमा. उलट दिशेनंही तसंच आहे. दर महिन्याच्या ८ ते १४ तारखेच्या आठवड्यात मी कपॅसिटी ट्रॅकर नावाच्या पोर्टलवर किती खाटा रिकाम्या आहेत, किती कर्मचारी आहेत हे भरते. जुलै २०२२च्या अखेरीपासून हे कायद्यानं बंधनकारक आहे. त्याची सुरुवातही पैशातूनच झाली: मे २०२०मध्ये संसर्ग रोखायला ६० कोटी पौंडांचा निधी आला, तेव्हा हे पोर्टल भरणं ही त्याची एक अट होती.

लसीकडे पाहिलं की दोन्हींमधला फरक उघडाच पडतो. मार्च-एप्रिल २०२०मध्ये हॉस्पिटलं रिकामी करण्यासाठी सुमारे २५,००० रुग्णांना महिनाभरात केअर होममध्ये हलवलं, त्यातल्या अनेकांची कोविडची चाचणी न करता. एप्रिल २०२२मध्ये हायकोर्टानं हे धोरण बेकायदा ठरवलं. डिसेंबर २०२०मध्ये लस आली, तेव्हा प्राधान्य यादीत पहिला क्रमांक वृद्धांच्या केअर होममधल्या रहिवाशांचा आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचा होता. पण फायझरची खोकी ९७५ डोसांची आणि उणे ७० अंशांत ठेवायची. वीस माणसांच्या घरी ती कशी न्यायची? म्हणून ८ डिसेंबरला सुरुवात हॉस्पिटलांतून झाली.

मग सक्ती आली. ११ नोव्हेंबर २०२१पासून कोविडची लस न घेतलेल्या माणसाला केअर होममध्ये काम करता येईना. एनएचएससाठी तोच नियम १ एप्रिल २०२२ला लागणार होता. तो दिवस येण्याआधीच, १५ मार्चला, दोन्हींवरची सक्ती सरकारनं उठवली. म्हणजे एनएचएसमध्ये तो नियम लागूच झाला नाही, आणि आमच्याकडे तोवर चार महिने उलटून गेले होते. माणसं निघून गेली होती. मी लसीच्या बाजूची आहे, स्वतः रांगेत उभी राहिले होते. पण दोन घरांना एकच नियम लावायचा तर तो एकाच दिवशी लावायला हवा होता.

आजचं चित्र असं. कोविडची लस २०२५च्या शरद ऋतूपासून कामामुळे कुणालाच नाही, एनएचएसवाल्यांनाही नाही. ती ७५ आणि त्याहून जास्त वयाच्यांना, वृद्धांच्या केअर होममधल्या रहिवाशांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना. फ्लूची लस मात्र दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांना फुकट आहे, आणि ती घ्यावीच, कारण नव्वदीतल्या शरीरात लसीचा असर कमी पडतो आणि त्यांच्याभोवतीची माणसं हेच त्यांचं दुसरं कवच असतं. फक्त दारं वेगळी आहेत. एनएचएसमध्ये सुईवाली नर्स ट्रॉली घेऊन वॉर्डात येते. केअर वर्करनं स्वतः जीपीकडे किंवा औषधांच्या दुकानात जायचं आणि आपण केअर वर्कर आहोत हे दाखवायचं.

गेल्या हंगामात आमच्याकडची सांगलीची मुलगी रात्रपाळी संपवून थेट दुकानात गेली. काउंटरवरच्या माणसानं एनएचएसचा बॅज मागितला. तिच्याकडे होता तो आमच्या होमचा साधा प्लास्टिकचा पास, त्यावर नाव आणि फोटो. “हे एनएचएसचं नाही, वीस पौंड होतील,” असं ऐकून ती तशीच परत आली, आणि मला म्हणाली, “ताई, मला वाटलं आपण एनएचएसच.” मी लेटरहेडवर चार ओळी टाइप केल्या: तिचं नाव, हुद्दा, सीक्यूसीकडे नोंद असलेल्या होममध्ये रहिवाशांची थेट देखभाल करते, मॅनेजरची सही. त्याच संध्याकाळी पाळीवर येताना तिनं बाही वर करून दंडावरची गोल पट्टी दाखवली. आता सप्टेंबर उजाडला की सगळ्यांची पत्रं मी आधीच छापून पगाराच्या चिठ्ठीला टाचते.