सिलेक्टर केबल चुकली की न्यूट्रल स्विच?

ऑटोमॅटिक गाडीत नवा गिअर सिलेक्टर, म्हणजे गिअर निवडायचा लिव्हर बसवला, लिव्हर ‘पी’वर (पार्किंग) आहे आणि किल्ली फिरवली तरी स्टार्टर गप्प. लिव्हर ‘एन’वर (न्यूट्रल) नेला की मात्र गाडी सुरू. अशा वेळी हात आधी न्यूट्रल सेफ्टी स्विचकडे जातो, कारण त्याचे बोल्ट सैल करून तो किंचित फिरवला की गाडी ‘पी’वरही सुरू होते. दोष केबलचा असेल तर तो तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

केबल लिव्हरची हालचाल गिअरबॉक्सच्या शाफ्टपर्यंत पोचवते. शाफ्टला आत खाचांची पट्टी असते आणि स्प्रिंगवरचा रोलर एकेका खाचेत टक करून बसतो. हाच शाफ्ट तेलाची वाट बदलणारा मॅन्युअल व्हॉल्व्ह सरकवतो आणि पार्किंगचा खटकाही लावतो. केबल जरा लांब-आखूड राहिली की व्हॉल्व्ह दोन वाटांच्या मध्येच थांबतो, दाब अपुरा पडतो आणि क्लच घसरून जळतात. खटका अर्धवट लागला तर उतारावर गाडी सुटते.

स्विच काहीच हलवत नाही. बऱ्याच गिअरबॉक्सवर तो बाहेरून त्याच शाफ्टवर बसतो. ‘पी’ आणि ‘एन’मध्ये स्टार्टरचं सर्किट जोडायचं, ‘आर’मध्ये रिव्हर्सचा दिवा लावायचा, एवढंच त्याचं काम. तो चुकला तर डॅशबोर्डवर भलतंच अक्षर येतं, कधी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये पी०७०५ हा बिघाडाचा कोड येतो. सर्वांत वाईट म्हणजे ‘डी’मध्येही (गाडी पुढे नेणारा गिअर) स्टार्टर फिरतो.

दोष कोणाचा, हे पाहायला गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. केबल सुटल्यावर गाडीतल्या लिव्हरच्या ‘पी’वर विसंबता येत नाही. गिअरबॉक्सकडचं केबलचं टोक काढा आणि शाफ्टचा आर्म हाताने ‘पी’च्या टोकाच्या खाचेत बसवा. गाडीखालून बाहेर या, आतला लिव्हर ‘पी’वरच ठेवून ब्रेक दाबा आणि स्टार्टर फिरवा. फिरला तर केबल चुकलीय. नाही फिरला तर स्विच किंवा त्याचं वायरिंग.

दोन्हींच्या जुळणीचं माप शाफ्टची खाच असते, आतला लिव्हर नव्हे. इंजिन बंद करून आर्म ‘पी’पासून दोन खाचा सरकवला की ‘एन’ येतो. आतला लिव्हरही ‘एन’वर ठेवा, केबल कुठेही न ताणता जोडा आणि नट आवळा. आवळताना केबल पिळली जाऊ देऊ नका. टोकाचा प्लास्टिक बुश झिजलेला असेल तर जुळणी टिकणार नाही, आधी तोच बदला. केबल सायलेन्सरच्या पाइपाजवळून नेली तर आवरण वितळतं.

स्विचसाठीही शाफ्ट ‘एन’वरच हवा. स्विचवरची रेघ आणि खूण जुळवायची. काही मॉडेलांत त्याऐवजी भोकात पिन घालतात. बोल्ट छोटे आणि आटे अॅल्युमिनियमचे, त्यामुळे मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपेक्षा (आवळण्याच्या मापापेक्षा) जास्त जोर नको.

शेवटी ब्रेक दाबून प्रत्येक जागी स्टार्टर फिरवून पाहा. ‘पी’ आणि ‘एन’ सोडून कुठेही फिरला तर गाडी बाहेर काढू नका.