प्राणिपाल

प्राणिसंग्रहालयातील वन्य प्राण्यांचा आहार, स्वच्छता, आरोग्य आणि वर्तन यांची दैनंदिन जबाबदारी सांभाळणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यास प्राणिपाल म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘कीपर’ हा शब्द अधिक रुळलेला आहे. उपचार पशुवैद्य करतो, पण प्राण्याला काहीतरी होत आहे हे बहुतेक वेळा आधी प्राणिपालाच्या लक्षात येते आणि या व्यवसायाचे खरे कौशल्य तेथेच आहे.

निसर्गात दुबळा दिसणारा प्राणी शिकाऱ्याच्या तावडीत लवकर सापडतो, त्यामुळे वन्य प्राणी दुखणे शक्य तितके लपवतात. म्हणून प्राणिपालाचा दिवस झाडलोटीने नव्हे, तर पाहणीने सुरू होतो. प्रत्येक प्राणी जागेवर आहे का, उठताना कोणत्या पायावर भार टाकतो, रात्रीच्या वैरणीतले किती उरले, रवंथ चालू आहे का, लीद किंवा विष्ठा नेहमीसारखी आहे का, हे पाहून त्याची नोंद केली जाते. एखादे हरीण कळपापासून दोन पावले दूर उभे राहते, एवढीच खूण पुष्कळदा हाती असते; आणि त्या प्राण्याला महिनोन्‌महिने रोज पाहिलेल्या माणसालाच ती खूण वाटते.

आहार हा वरवर सोपा वाटणारा, पण सर्वांत फसवा भाग आहे. वाघ-सिंहांच्या बछड्यांना नुसते हाडाविना मांस दिले, तर कॅल्शियमच्या अभावी त्यांची हाडे ठिसूळ होतात. रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग अन्नातील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांवर अवलंबून असतो व ती न मिळाल्यास नवी पिसे फिकट येतात. पेंग्विन व सील यांना दिली जाणारी मासळी गोठवून साठवलेली असते, आणि साठवणुकीत तिच्यातील ब१ जीवनसत्त्व घटते. त्यामुळे प्राणिपाल ठरावीक माशाच्या कल्ल्यात गोळी खोचून तो मासा नेमक्या त्याच पक्ष्याच्या चोचीत जातो याची खात्री करतो. त्यासाठी थव्यातला प्रत्येक पेंग्विन ओळखू यावा लागतो.

हिंस्र प्राण्यांच्या निवाऱ्यात शिरण्यापूर्वी प्राण्याला शेजारच्या खोलीत घेतले जाते, मधला सरकता दरवाजा बंद केला जातो, कुलूप लावून ते ओढून पाहिले जाते, आणि आतल्या प्राण्यांची पुन्हा मोजणी केल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही. या शिस्तीला घाई मानवत नाही. गंभीर अपघातांचे मूळ अनेकदा न लावलेल्या एका कडीत सापडते. हत्तींच्या बाबतीतही माणसाने थेट जवळ जाण्याऐवजी मजबूत अडसराआडून काम करण्याची पद्धत अनेक संग्रहालयांनी स्वीकारली आहे.

व्हिएन्नामधील १७५२ पासून चालू असलेल्या श्योनब्रुन संग्रहालयासारख्या जुन्या संस्थांचा भर दीर्घकाळ प्रदर्शनावर होता. कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदकांनी वेढलेली मोकळी आवारे उभारली, आणि प्राण्याला त्यातून मोकळी जागा मिळाली. परंतु त्या जागेत त्याने दिवसभर करायचे काय, हा प्रश्न उरलाच. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी प्राणी माणसाला किती अंतरापर्यंत सहन करतो याचा अभ्यास केला आणि निवाऱ्याच्या आकारापेक्षा त्याची रचना महत्त्वाची असल्याचे दाखवले. आज ओंडक्याच्या भोकात मध भरणे, चारा उंच टांगणे, नवा वास आणून ठेवणे ही कामे सफाईइतकीच नेमाची समजली जातात. बंदिस्त जागेत ठरावीक वाटेने अखंड येरझाऱ्या घालणारा प्राणी ‘चपळ’ नसतो, बहुधा तो त्रासलेला असतो.

उपचारांत मोठा फरक प्रशिक्षणाने पडला. पूर्वी रक्ताचा नमुना घ्यायलाही प्राण्याला भुलीचे इंजेक्शन मारावे लागे, आणि भूल जोखमीची असते. आता शिटी आणि मांसाचा तुकडा यांच्या साहाय्याने वाघाला जाळीला कूस लावून बसायला शिकवतात, आणि जाळीखालून बाहेर घेतलेल्या शेपटीतून रक्त काढले जाते. हत्ती अडसरावर पाय ठेवून तळवा तपासू देतो, हे तर अत्यावश्यकच आहे, कारण पायांचे विकार बंदिवासातील हत्तींच्या जिवावर बेततात. हे सारे विश्वासावर चालते; प्राण्याला नको असेल तर तो उठून जातो आणि त्या दिवशीचे काम तेथेच थांबते.

निसर्गात परत सोडायच्या प्राण्यांचे संगोपन मात्र याच्या नेमके उलट असते. कॅलिफोर्नियाच्या काँडोर गिधाडांपैकी १९८७ मध्ये केवळ २७ उरली होती व ती सर्व बंदिवासात होती. हाताने वाढवायच्या पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून प्राणिपाल आडोशामागे उभे राहत आणि काँडोरच्या डोक्यासारखी बाहुली हातात चढवून तिच्या चोचीने त्यांना भरवत. १९९२ मध्ये संगोपनात जन्मलेली पहिली काँडोर मोकळ्या आकाशात सोडण्यात आली.