खोगिराआधीचे दिवस: घोडा शिक्षणासाठी सोपवणाऱ्या मालकांसाठी माहितीपत्रक

घोडा आमच्या हवाली करताना बहुतेक मालकांचा पहिला प्रश्न असतो, खोगीर कधी चढवणार? सुरुवातीचे काही दिवस घोड्यावर कोणी बसतच नाही, हे ऐकून काहींचा हिरमोड होतो. म्हणून या दिवसांत म्होरकी (तोंडावर बांधायची दोरीची किंवा पट्ट्यांची बांधणी) आणि दोर घेऊन, जमिनीवर उभे राहून आम्ही काय शिकवतो आणि घरी नेल्यावर ते कसे टिकवावे, हे येथे लिहिले आहे.

400 ते 500 किलो वजनाच्या जनावराला ताकदीने अडवणे कोणालाच शक्य नाही. चालताना खांद्याने ढकलणारा किंवा उभे केले की आपल्या छातीवर डोके घासणारा घोडा लाडात आला आहे असे वाटते. पण माणसाला आपण सरकवू शकतो, एवढाच धडा तो त्यातून गिरवत असतो. कळपातही कोण कोणाला जागचे हलवतो, यावरून घोड्यांमध्ये वरचढ कोण हे बरेचसे दिसते. माणसाभोवतीची जागा राखणे आणि सांगितल्यावर शांतपणे पाय हलवणे, एवढ्याच अर्थाने आम्ही ‘आदर’ हा शब्द वापरतो. चाबूक दिसताच थरथरणारा घोडा आमच्या लेखी शिकलेला नसतो.

मागे सरकण्याचा धडा पाहिला की सगळी पद्धत लक्षात येते. शिकवणारा समोर, पण किंचित बाजूला उभा राहतो, कारण अगदी कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे घोड्याला दिसत नाही. दोर आधी अगदी हलका हलवायचा, प्रतिसाद नसेल तर हळूहळू जोर वाढवायचा आणि घोड्याने पाऊल उचलले, किंबहुना वजन नुसते मागच्या पायांवर टाकले, की त्याच क्षणी हात थांबवायचा. दाब सुटतो तेव्हा आपण जे करत होतो तेच बरोबर, अशी खूणगाठ घोडा बांधतो. त्यामुळे त्याने मान उडवली म्हणून घाबरून हात थांबवला, तर तो मान उडवायला शिकतो. आणि पाऊल मागे घेतल्यावरही हौसेने दोर हलवत राहिले, तर ऐकून काही उपयोग नाही, असे त्याला वाटू लागते. मालकांच्या हातून ही दुसरी चूक अधिक होते.

दुसरा धडा पुठ्ठा, म्हणजे घोड्याचा मागचा भाग, बाजूला सरकवण्याचा. घोड्याचा सारा जोर मागच्या पायांत असल्याने, एक मागचा पाय दुसऱ्याच्या पुढून आडवा पडू लागला की उधळण्याचा आवेग ओसरतो. अंगावर माशी बसली तरी ज्याची कातडी थरथरते, त्याला बोटांचा स्पर्श पुरेसा असतो. कोपराने ढोसण्याचे कारण नाही. हे दोन्ही बाजूंनी करावे. डावीकडून हाताळण्याची परंपरा असल्याने पुष्कळ घोडे उजवीकडून माणूस आला की बिचकतात.

घरी रोज 15 ते 20 मिनिटे सराव पुरेसा आहे. मालक मागे सरकवतो आणि मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा नोकर) अंगावर रेलू देतो, असे झाले तर घोडा गोंधळतो. तेव्हा नियम सर्वांनी एकच पाळावा. ढकलण्याची खोड पुरती जाईपर्यंत खाऊ हाताने न देता घमेल्यात घालावा, असे आमचे मत आहे. दोर हाताला कधीही गुंडाळू नये. घड्या घालून मुठीत धरावा, म्हणजे घोडा बुजला तरी हात अडकणार नाही. हातमोजे आणि बंद बूट घालावेत. नीट ऐकणारा घोडा अचानक अडू लागला, तर त्याला हट्टी ठरवण्याआधी खूर, दात आणि पाठ पशुवैद्यांना दाखवावी.

घोडा परत नेण्याच्या दिवशी दोर तुमच्या हाती दिला जाईल आणि हे दोन्ही धडे तुम्हाला आमच्यासमोर करून दाखवावे लागतील, तेव्हा त्या दिवशी तासभर हाताशी ठेवून यावे.