चिऊ-काऊची गोष्टपेटी घरी कशी वापरावी (वय ३ ते ६ वर्षे)

आमच्याकडून गोष्टपेटी नेणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, की हिच्यात गोष्टीचे पुस्तक कसे नाही. ते चुकून राहिलेले नाही. पेटीत आठ चित्रपत्रे आहेत आणि त्यांवर एकही अक्षर छापलेले नाही, कारण चिऊचे घर मेणाचे आणि काऊचे घर शेणाचे, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असते, आणि ती मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत किंवा घरात जी बोली चालते तिच्यातच मुलाच्या कानी पडावी असे आम्हांला वाटते. नातवंडे परदेशी असलेले काही आजी-आजोबा चित्रपत्रांचा एक संच स्वतःजवळ ठेवून दुसरा तिकडे पाठवितात आणि व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडे एकच चित्र समोर धरून गोष्ट सांगतात.

रोज नवी गोष्ट हवी असे मुळीच नाही. मूल तीच गोष्ट पुन्हा मागते, तेव्हा ते पुढचे वाक्य आपल्याआधी म्हणण्याची वाट पाहत असते. म्हणून काऊ दार ठोठावतो तिथे सांगणाऱ्याने थांबावे आणि चिऊचे उत्तर मुलावर सोपवावे. एका ग्राहक ताईंच्या चार वर्षांच्या मुलीची चिऊ आतून म्हणाली, “थांब, माझ्या बाळाला वाफ देते,” कारण त्या आठवड्यात तिच्या धाकट्या भावाला सर्दी झाली होती. अशा वेळी मूळ गोष्टीत असे नाही म्हणून मुलाला अडवू नये.

दोन-तीन दिवस गोष्ट ऐकून झाली, की मग पेटीतील बाकीचे सामान काढावे. मातीच्या पुडीत थोडे पाणी घालून मुलाला एका ताटात काऊचे घर करू द्यावे. शेणाऐवजी माती घेतली आहे, ती केवळ सोयीसाठी. चिऊच्या घरासाठी पुठ्ठ्याची घडी दिली आहे. तिच्यावर पांढरी मेणबत्ती न पेटविता सर्व बाजूंनी दाबून घासावी. दोन्ही घरे शेजारी ठेवून वरून गडूने बारीक धार धरावी. मातीचे घर खचू लागते आणि ताटात गढूळ पाणी साठते, तर मेणावरून थेंब घरंगळून जातात. मेण जिथे नीट लागले नसेल तिथे पुठ्ठा भिजून काळा पडतो, आणि नेमकी तीच जागा मुले बोट लावून दाखवितात. त्याच मेणबत्तीने कोऱ्या कागदावर चिऊ काढून वरून पातळ जलरंगाचा हात फिरविला, तर न दिसणारी चिऊ रंगातून उमटते.

साहित्य इतके साधे का, याचे उत्तर जुने आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात परिसरात मिळणारी पाने, बिया, शंख-शिंपले हीच मुलांची साधने होती. आम्ही पूर्वी पेटीत रंगविण्यासाठी छापील चिमणी देत असू. पुढे ती बंद केली, कारण रेषेबाहेर रंग गेला की मुलापेक्षा पालकच अधिक हळहळत असत. मुलाच्या चिऊला तीन पाय असले तरी तिला दुरुस्त करून फोटो काढू नये, ही विनंती.

पिल्ले करण्यासाठी मळलेला गोळा घरीच करावा. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि अंदाजाने पाणी घेऊन घट्ट मळावे; रंगासाठी हळद किंवा बिटाचा रस चालतो. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटून गोळा चिकट होतो, तेव्हा थोडी कोरडी कणीक लावावी व डबा फ्रीजमध्ये ठेवावा. गोळा अतिशय खारट असल्याने मूल तो खाणार नाही, याकडे लक्ष असावे.

डोळ्यांसाठी दिलेली मिरी व चोचीसाठीचे चिंचोके वेगळ्या डबीत आहेत. घरात तीन वर्षांखालील मूल असल्यास ती डबी उघडूच नये. अशा वस्तू नाकात किंवा घशात अडकतात. मोठ्या मुलांनाही ती मोजून द्यावी आणि मोजून परत घ्यावी.

मेणबत्ती संपल्यास किराणा दुकानातील कोणतीही साधी पांढरी मेणबत्ती चालते. ती आमच्याकडून मागविण्याची आवश्यकता नाही. चित्रपत्र फाटल्यास मात्र त्याचा क्रमांक कळवावा, तेवढे एकच बदलून देऊ.