व्हेनिसचं प्रवेशशुल्क आणि कोचने येणारे गट : पार्श्वभूमी

पंधरा-वीस वर्षांपूर्वी ग्रुप टूरने व्हेनिस पाहिलेला माणूस पुन्हा जातो, तेव्हा ट्रोंकेतोच्या, म्हणजे कोच थांबतात त्या बेटाच्या, धक्क्यापर्यंत सगळं ओळखीचंच असतं. कोच पूल ओलांडतो, पार्किंगला लागतो आणि पुढे बोटीने सेंट मार्क चौकाकडे. बदललंय ते त्या धक्क्यापलीकडचं.

1846 मध्ये रेल्वेचा आणि 1933 मध्ये मोटारींचा पूल झाल्यावर मुक्काम मुख्य भूमीवर ठेवून बेटावर दिवसापुरतं जाणं सोपं झालं. कोच जिथे थांबतात ते ट्रोंकेतो तर भराव घालून केलेलं बेट आहे. दुसरीकडे जुन्या शहरातली वस्ती घटत गेली: 1951 मध्ये सुमारे पावणेदोन लाख, 2022 मध्ये 50 हजारांच्याही खाली. मुक्कामी पाहुणा शहराचा कर देतो. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा काहीच देत नाही, ही जुनी तक्रार.

2018 च्या अखेरच्या कायद्याने अशा दिवसापुरत्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला परवानगी दिली, पण अंमल वारंवार पुढे ढकलला गेला. अखेर 25 एप्रिल 2024 ला सुरुवात झाली. त्या वर्षी 29 दिवस, सकाळी 8.30 ते दुपारी 4, माणशी 5 युरो. 14 वर्षांखालच्या मुलांना माफ. 2025 मध्ये दिवस 54 झाले, आणि भेटीच्या चार दिवस आधीपर्यंत पैसे न भरल्यास 10 युरो. पहिल्या वर्षी सुमारे 24 लाख युरो जमले. गर्दी कमी झाली का, यावर मात्र वाद आहे आणि विरोधकांचा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नाही. इतक्या लांबून आलेला गट पाच युरोंसाठी व्हेनिस थोडंच वगळणार?

खरा घोळ मुक्कामाचा. महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्याला शुल्क माफ आहे आणि मुख्य भूमीवरची मेस्त्रे, मार्गेरा त्याच हद्दीत येतात. पण टूरच्या कागदावर ‘व्हेनिस परिसर’ असं लिहिलेलं हॉटेल मोल्यानो व्हेनेतो, क्वार्तो दाल्तिनो किंवा पादुआत निघालं, तर ते हद्दीबाहेर, म्हणजे शुल्क लागू. त्यामुळे हॉटेलचं नाव नव्हे, पत्ता पाहायचा. मुक्कामामुळे माफी असली तरी नोंदणी करून क्यूआर कोड घ्यावाच लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं. तपासणीत कोड नसला तर दंड 50 ते 300 युरो, वर 10 युरो शुल्क. शाळकरी मुलं बरोबर असतील तर वयाचा पुरावा जवळ हवा. पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये राहिला तर धक्क्यावर खोळंबा ठरलेला.

चारनंतर शिरलं तर शुल्क नाही, पण कोचच्या टूरला ही पळवाट अवघड जाते. युरोपीय नियमानुसार चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटं थांबावं लागतं आणि रोज साधारणपणे सलग 11 तास विश्रांती द्यावी लागते. सकाळी आठला फ्लॉरेन्सहून निघालेल्या गाडीची रात्री नऊला वेळ संपते. मग चार ते नऊमधून हॉटेल गाठायचा वेळ वजा जाता व्हेनिसच्या वाट्याला थोडेच तास येतात, त्यातला तासभर बोटीच्या जाण्यायेण्यात.

गटाच्या आकारावरची मर्यादा शुल्काइतकी गाजली नाही, पण टूरच्या खर्चाला ती जास्त भिडते. 2024 पासून वाटाड्याबरोबरचा गट 25 जणांचाच, आणि लाउडस्पीकर बंद. पूल आणि अरुंद गल्ल्यांत घोळका करून थांबायचं नाही. 45 जणांचा कोच म्हणजे दोन गट, दोन गाइड, कानातल्या हेडफोनचे दोन संच. बाहेर पडायची वेळही वेगवेगळी ठेवावी लागते, नाहीतर दोन्ही गट एकाच पुलाच्या तोंडाशी अडकतात.

गोंडोल्याचा जुना हिशोबही आता चालत नाही. 2020 पासून नेहमीच्या गोंडोल्यात सहाऐवजी पाचच जण बसतात, त्यामुळे तीस जणांना पाचऐवजी सहा गोंडोले लागतात. 2023 च्या अखेरीस दिवसाच्या अर्ध्या तासाचा अधिकृत दर 80 वरून 90 युरो झाला. तो माणशी नाही, अख्ख्या गोंडोल्याचा.