कमी खर्चात पूल पार्टी: पूल ठरवण्याआधी एवढं वाचून घ्या

आम्ही घरी मांडायचे पूल भाड्याने देतो. उन्हाळा लागला की आमचा फोन वाजायला लागतो आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "तुमच्याकडे सगळ्यांत मोठा पूल केवढा आहे?" मोठा पूल नेलात तर भाडं आम्हालाच जास्त मिळतं. तरी आम्ही उलट विचारतो, "पार्टी किती वाजता ठेवताय?" घरच्या पूल पार्टीत पुलाचं भाडं हा ठरलेला आकडा असतो. बाकीचा खर्च किती फुगणार ते घड्याळावर अवलंबून असतं.

आधी वेळ ठरवा

अकरा वाजता बोलावलं की एकच्या सुमारास जेवण वाढावंच लागतं. जेवण आलं की ताटं, टेबलं, खुर्च्या, वाढायला माणसं आणि उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न, असं सगळं मागोमाग येतं. तीच मंडळी चारला बोलवा. साडेसहापर्यंत फळं, थोडं कोरडं खाणं आणि थंड पेयं एवढ्यावर पार्टी छान होते. "जेवून या" असं आमंत्रणात लिहायला संकोच करू नका. लोकांनाही ते सोयीचं पडतं. संपण्याची वेळही लिहा. ती लिहिली नाही की मंडळी रेंगाळतात आणि रात्रीचं जेवण बाहेरून मागवायची पाळी येते. टॉवेल आणि कोरडे कपडे ज्याचे त्याने आणायचे, हेही त्याच ओळीत उरकून टाका.

चारची वेळ उन्हाच्या दृष्टीनेही बरी. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात सूर्याची अतिनील किरणं सर्वांत तीव्र असतात. शिवाय दिवसभर ऊन खाल्लेलं पाणी चारला अंगाला सुखावतं. सकाळची पार्टी ठेवली तर पाणी गारठलेलं असतं आणि लहान मुलं थोड्याच वेळात कुडकुडत बाहेर येतात.

पूल केवढा?

वीस पाहुणे आले म्हणून वीसही जण एकाच वेळी पाण्यात उतरत नाहीत. काही खात असतात, काही गप्पा मारत काठावर बसतात, दोघं-तिघं तर कपडे भिजवायलाच तयार नसतात. आमच्याकडचा ३ मीटर व्यासाचा गोल पूल घेतला तर आत सुमारे ७ चौरस मीटर जागा मिळते. त्यात पाच-सहा मुलं किंवा तीन-चार मोठी माणसं आरामात मावतात. पाळ्या लावल्या की वीसजणांच्या घोळक्याला तो पुरतो. मोठ्यांसाठी सावलीत एक-दोन पसरट टब भरून ठेवा. पाय पाण्यात सोडून बसायला मिळालं की बहुतेकांना पूल आठवतही नाही.

मोठ्या पुलाचा खरा भार पाण्यावर पडतो. ३ मीटरच्या पुलात ६० सेंटिमीटर पाणी भरायचं तर सुमारे ४,२०० लिटर लागतं. व्यास ४.५ मीटर केला, म्हणजे दीडपट, तर तेवढ्याच खोलीला ९,५०० लिटर. पाणी विकत आणणार असाल किंवा मीटरवर बिल येत असेल तर हा आकडा आधी बघा, भाडं नंतर.

"गच्चीवर मांडला तर चालेल का?" असं बरेच जण विचारतात. आम्ही नाही म्हणतो आणि त्यावर घासाघीस करत नाही. ६० सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ६०० किलो वजन. राहत्या घरांचे स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो वापराचा भार धरून बांधलेले असतात. बाल्कनीचा तर विषयच काढू नका. पूल जमिनीवरच मांडायचा.

ती जमीनही सपाट हवी. नजरेला सपाट दिसणारं अंगण पुष्कळदा एका अंगाला उतरतं असतं. लांब सरळ फळी आडवी टाका, तिच्यावर पाणसळ (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) ठेवा, मग फळी फिरवून चारी दिशांना बघा. खडे वेचून काढा आणि खाली जाड ताडपत्री किंवा जुनी गालिचापट्टी अंथरा. पाणी वीतभर चढलं की भरणं थांबवून एकदा काठाकडे बघा. एका बाजूला पाणी दोन बोटं वर दिसत असेल तर रिकामा करून पुन्हा मांडा. उतारावरचा पूल भरला की सगळा दाब खालच्या कडेवर येतो, आणि फुटतो तेव्हा तो तिथूनच फुटतो.

पाणी भरणं आणि स्वच्छ ठेवणं

पार्टीच्या दिवशी सकाळी नळ सोडून निवांत बसू नका. १५ लिटरची बादली तुमच्या पाइपने किती वेळात भरते ते मोजा. मिनिटाला एक बादली भरत असेल तर ४,२०० लिटरला पावणेपाच तास लागतील. म्हणून पूल आदल्या दिवशीच भरा. दिवसा ऊन खाऊ द्या आणि रात्री झाकून ठेवा, म्हणजे ऊब टिकते आणि पाला-किडेही पडत नाहीत. हीटर मागू नका, आम्ही ठेवतही नाही. एवढं पाणी ५ अंशांनी तापवायला जवळपास २५ युनिट वीज जाते, आणि तेच काम ऊन फुकटात करतं.

झाकण काढून ठेवून मगच पाण्यात उतरायचं. अर्धवट झाकलेल्या पुलात कुणालाही सोडू नका.

फिल्टर असलेल्या पुलासोबत आम्ही क्लोरीन आणि तपासणीच्या पट्ट्या देतो. क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ यांच्यामध्ये हवा. पट्टीचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघितला की झालं. कडक उन्हात क्लोरीन भराभर उडून जातो. त्यामुळे सकाळी बरोबर आलेली पट्टी चारला फिकी पडू शकते. पाहुणे यायच्या आधी पुन्हा तपासा. औषध नेहमी पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही, आणि दोन वेगवेगळी औषधं कधीच एकत्र करायची नाहीत. क्लोरीन आणि आम्ल एकत्र आले की विषारी वायू निघतो.

पुलाला डोळे चुरचुरणारा उग्र वास आला की लोक म्हणतात, क्लोरीन जास्त पडला. बहुधा गोष्ट उलटी असते. घाम, तेल आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होतं त्याचा तो वास. उपाय सोपा आहे, पैसेही लागत नाहीत: पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने मिनिटभर अंगावरून पाणी घ्यायचं. पुलाशेजारी पाइप आणि पाय धुवायला एक पसरट टब ठेवा. ज्याला जुलाब होत आहेत त्याने त्या दिवशी पाण्यात उतरू नये, हे आमंत्रणाच्या वेळीच सांगा. जुलाबाचे काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभर तग धरतात. तान्ह्यांसाठी नेलेल्या हवेच्या छोट्या पुलाला औषधाची गरज नाही. रोज रिकामा करा, धुवा आणि वाळवा.

बर्फ आणि खाणं

शेवटच्या क्षणी बर्फ आणायला पळणं हा हमखास वायफळ खर्च. १ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढ्यात साधारण ४ लिटर पेय ३० अंशांवरून १० अंशांवर येतं. म्हणजे कोमट बाटल्या पेटीत टाकल्या की बर्फ त्या गार करण्यातच संपणार. बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवल्या तर बर्फाला फक्त गारवा टिकवायचा असतो. जेवणाचे रिकामे डबे पाण्याने भरून चार-पाच दिवस आधीपासून फ्रीझरमध्ये गोठवत जा. मोठी लादी चुऱ्यापेक्षा कितीतरी उशिरा वितळते. पेयांची पेटी आणि खाण्याची पेटी वेगळी ठेवा. पेयांची दर पाच मिनिटांनी उघडते, खाण्याची तशी उघडू नये.

शिजवलेले, दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणूनच आम्ही कोरड्या खाण्याचा आग्रह धरतो: सोय होते आणि टाकावंही लागत नाही. काचेचे ग्लास मात्र पुलाच्या जवळपास आणू नका. पाण्यात पडलेली काच दिसत नाही. एक ग्लास फुटला की सगळं पाणी काढून टाकावं लागतं.

सजावटीवर आम्ही फारसं बोलणार नाही. रंगीत फुगे पाण्यात सोडले की फोटोला पुरतात, पण फुटल्यावर त्यांचे तुकडे लगेच वेचा. लहान मुलं ते तोंडात घालतात. पैसे सावलीवर घाला. दोन चादरी आणि एक दोरी असली तरी मंडप होतो.

पाण्यावर नजर

इथे काटकसर चालत नाही. सुदैवाने याला पैसेही लागत नाहीत. बुडणारं माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला असतं, आवाज फुटत नाही आणि मिनिटाच्या आत ते खाली जाऊ शकतं. आजूबाजूला पंधरा मोठी माणसं असूनही हे घडतं, कारण दुसरं कुणीतरी बघतंय असं प्रत्येकाला वाटत असतं. त्यासाठी एक पट्टा किंवा टोपी ठरवा. ती ज्याच्या डोक्यावर त्याने पंधरा मिनिटं पाण्याकडेच बघायचं. फोन नाही, गप्पा नाहीत, मद्य तर नाहीच. वेळ झाली की टोपी पुढच्याच्या हातात द्यायची, आणि ती घेतल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही. पोहता न येणारं मूल पाण्यात असेल तर मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहायचं. दंडाला लावायचे फुगे आणि ट्यूब ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नका.

गाण्यांसाठी बॅटरीवरचा स्पीकर आणा. वायर आणि एक्स्टेंशन बोर्ड पुलाजवळ नको. आमच्या पंपाची वायर जमिनीवरून जाते. ती ओल्या हाताने काढू-घालू नका आणि ज्या सॉकेटला विजेची गळती झाल्यावर पुरवठा तोडणारं उपकरण लावलेलं आहे त्यालाच जोडा. ढग गडगडले तर सगळ्यांना बाहेर काढून घरात न्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी पाण्यात उतरायचं नाही.

सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा.

खेळ

विकतचे तरंगते हंस आणि अननस अर्धा पूल अडवतात. त्याऐवजी दोन बादल्या आणि चार स्पंज घ्या. दोन संघ, स्पंज पुलात भिजवायचा, धावत जाऊन आपल्या बादलीत पिळायचा, आधी भरेल तो जिंकला. पाणी सांडतं, पण आरडाओरडा बघण्यासारखा असतो. दुसरा खेळ आदल्या रात्री तयार करायचा: प्लॅस्टिकची छोटी खेळणी डब्यात गोठवायची आणि ती लादी पुलात सोडायची. बर्फातून आपलं खेळणं सोडवताना मुलं अर्धा तास रमतात.

दोन खेळांना मात्र आमची सक्त मनाई आहे. एक, डोकं खाली करून उडी मारणं. आमचा एकही पूल त्यासाठी पुरेसा खोल नाही. दुसरा, श्वास रोखून पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं ही पैज. त्याआधी भराभर खोल श्वास घेतले की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची निकड जाणवतच नाही आणि पट्टीचा पोहणाराही पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो.

पूल परत करताना

पार्टी संपली की शिडी काढून बाजूला ठेवा आणि पूल रिकामा होईपर्यंत कुणीतरी तिथे थांबा. फिल्टर नसलेल्या पुलातलं पाणी तेव्हाच झाडांना घालता येतं. क्लोरीनचं पाणी दिवस-दोन दिवस उन्हात उघडं ठेवा, पट्टीवर क्लोरीन शून्य आला की घाला. तोवर पुलाला राखण हवी. ते जमणार नसेल तर सरळ गटारात सोडा. आतली बाजू मऊ फडक्याने पुसून पूल उलटा वाळत घाला. ओला घडी केलेला पूल दोन दिवसांत बुरसतो आणि तो धुण्याचा खर्च आम्हाला तुमच्या अनामत रकमेतून कापावा लागतो. पॅच बसवण्याइतकं छोटं भोक पडलं असेल तर त्याभोवती पेनाने गोल करून ठेवा. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.